फळ्यावरची घोंगडी

ढगाला नुसतं ढग म्हटलेलं बाईंना खपत नसे. एखादी मुलगी वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघून सहज बोलून जायची, "बाई, ढग आलेत." झालं. बाई खडू खाली ठेवायच्या. "कुठले? त्यांना काय नावगाव न्हाई? घरी पाव्हणा आला तर आईला 'माणूस आलंय' म्हणून सांगतीस का?" मग तास गणिताचा असो नाहीतर शिवणाचा, अख्खा वर्ग माना वर करून पटांगणात उभा. बाईंनी ढगांना आपली आपण नावं दिली होती. फार उंचावर लोकरीच्या धाग्यांसारखी दिसते ती पिंजण, दुपारी फुगत जातो तो ढीग, आणि सगळं आभाळ झाकून टाकते ती गोधडी. पुस्तकातली नावं त्यांना पाठ होती. पण ती घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलीला त्या विचारायच्या, "हे ढगाला सांगितलंस का? वळखंल का तो?"

बाईंबद्दल लिहायला बसले की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. हसू लवकर जातं. राग इतक्या वर्षांत गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

नवे पैसे नुकतेच आले होते आणि बाजारात बायका अजून आण्यांतच भाव करत होत्या, त्या सुमाराला मी शिरूरला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला गाव तयार नव्हतं. बाईंनी दिली. त्या केडगावच्या बाजूला मिशनमध्ये वाढलेल्या, लग्न न केलेल्या, पन्नाशीला आलेल्या. मला पहिल्याच दिवशी त्यांनी घराचे नियम सांगितले. चपला बाहेर काढायच्या. आंघोळीचं पाणी केळीला सोडायचं. आणि ओसरीवर टांगलेल्या पाऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. ती नळी त्यांना मिशनमधल्या कुणा मॅडमनी मायदेशी परत जाताना दिली होती. हवेचा दाब त्यात कळतो म्हणे. बाई रोज सकाळी तोंड धुण्याच्या आधी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायच्या आणि पारा खाली गेलेला दिसला की एखाद्या उनाड पोराकडे बघावं तसं तिच्याकडे बघायच्या.

रेडिओवर त्यांचा फार राग. वाचनालयाच्या पायरीवर बसून त्या हवामान ऐकायच्या आणि ते 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' आलं की उठून उभ्या राहायच्या. "कुठं आलं हे तुरळक? दौंडच्या अलीकडं का पलीकडं? एस्टी जाती का तिथं? दरवर्षी सगळा पाऊस त्या तुरळकातच पडतो, मग आपण तिथंच जाऊन राहू की!" वाचनालयातली माणसं हसून लोळायची. बाई हसत नसत. त्यांच्या मते ज्याला आपण बोललो ते खरं की खोटं हे नंतर कुणी तपासूच शकत नाही, असं बोलणं म्हणजे खोटं बोलण्यापेक्षा वाईट.

ढग कसा होतो हे त्यांनी मला स्वयंपाकघरात शिकवलं. मी शास्त्राचीच शिक्षिका, मला शिकवायची काही गरज नव्हती, पण बाईंना ते कोण सांगणार? चहाच्या पातेल्यावर थंड पाण्याची वाटी धरली, वाटीच्या बुडाला थेंब जमले. "हा झाला पाऊस. पन मधी ढग कुठाय? वाफ तर दिसत न्हाई. ती दिसाया लागली की समज ती गार पडली. आन् नुसतं गार पडून चालत न्हाई, तिला धरून बसायला कायतरी लागतं. धुळीचा कण लागतो. एकेका कणाभोवती एकेक थेंब. नुसत्या स्वच्छ हवेत ढग होत न्हाई, बयो." मग उंबऱ्यात येऊन रस्त्याकडे हात करायच्या. "बघ. धूळ देवानं आपल्याला किती दिली. वाफेच्या वेळंला मात्र हात आखडला."

आमच्याकडे पाऊस का पडत नाही, याचाही त्यांचा एक हिशेब होता, आणि तो त्या भांडणाच्या सुरात सांगायच्या. समुद्राकडून वारा निघतो तो पाण्याचा बोजा घेऊन. घाट चढताना दमतो, गार पडतो आणि बोजा तिथंच टाकतो. खाली उतरून शिरूरला पोचतो तेव्हा हमाल रिकाम्या हाती. "आन् आपण त्याला बघून नाचतो, आला आला म्हणून. काय आला? हमाल आला. सामान लोणावळ्याला उतरलं."

पण बाईंची गावात जी काही ख्याती होती ती फळ्यामुळे. शाळेच्या फाटकाला लागून बाजाराच्या रस्त्यावर एक जुना फळा भिंतीत दोन खिळ्यांवर टांगलेला होता. त्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं सात चौकोन आखून घेतले होते, वर वारांची नावं. दर शुक्रवारी शाळा सुटली की बाई स्टुलावर चढून पुढच्या सात दिवसांची हवा त्यात भरायच्या. शुक्रवारी अशासाठी की शनिवारी शिरूरचा बाजार, चार गावचे लोक यायचे. रविवारी तर त्या सुईसुद्धा हातात धरत नसत.

आधी त्या शब्दांत लिहायच्या. ते बदललं आबांमुळे. आबा म्हणजे न्हावऱ्याकडचे एक धनगर. थोडी जमीन केली होती, पण पोट मेंढरांवरच. ते एका शनिवारी फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि फाटकात उभ्या बाईंना म्हणाले, "बाई, ह्ये समदं शिकल्याल्यांसाठी झालं. शिकल्याला मानूस पाऊस आला तर घरात बसतो. आमी रानात. आमाला कायतरी चितार काढा की."

"पाऊस आला तर तुम्ही काय करता?"

"काय करनार? घोंगडी घेतो डोक्याव."

"आन् कोरडं असलं तर?"

"तवा काय, कायबी न्हाई घेत."

त्या दिवसापासून पावसाच्या दिवसाला बाईंनी चौकोनात घोंगडीची खोळ काढली आणि कोरडा दिवस मोकळा सोडला. कुणालाही वाचता यावं असं ते होतं, आणि वाचता न येणारेच ते जास्त बघत. बाजारातून परतताना बायका एकमेकींना म्हणायच्या, "बुधवारी घोंगडी हाय गं, मिरच्या आत घे." आबा येता-जाता फाटकाशी थांबून वाद घालायचे. त्यांचं म्हणणं, मेंढरं गोळा होऊन माना आत घालतात तेव्हा पाऊस येतो. बाई म्हणायच्या, "तुमची मेंढरं ऊन लागलं तरी माना आत घालतात. त्यांना दुसरं येतंय काय?" आबा खो खो हसायचे. पुढच्या बाजाराला परत तोच वाद.

बाईंचं नेहमी बरोबर यायचं असं मुळीच नाही. पारा, वाऱ्याची दिशा, शिळ्या वर्तमानपत्रातला नकाशा आणि स्वतःचे डोळे, एवढ्यावर सात दिवस पुढचं कोण सांगणार? पण चुकण्याची त्यांची एक रीत होती, तशी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. शुक्रवारी नवीन आठवडा काढण्याआधी त्या मागच्या आठवड्याचा फळा लाल खडूनं तपासायच्या. मुलींच्या वह्या तपासतात तसा. घोंगडी काढली आणि पाऊस आला नाही, तर खाली लाल अक्षरात 'चूक'. कोरडं सोडलं आणि पाऊस आला, तरी 'चूक'. सगळ्यांदेखत. निम्मं गाव फळा बघायला यायचं ते घोंगडीसाठी, आणि निम्मं बाई किती वेळा चुकल्या ते मोजायला. मुलं ओरडायची, "बाई नापास!" बाई स्टुलावरून उतरताना म्हणायच्या, "व्हय. पुढच्या आठवड्याला परत बसणार."

आणि छत्री. फळ्यावर कोरडं असलं आणि वाटेत पाऊस आला तरी बाई छत्री उघडत नसत. घोंगडी काढलेल्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तरी छत्री उघडूनच शाळेत यायच्या. "मी लोकांना सांगितलं ना? मग मी कशी मागं सरू?" चिंब भिजून त्या वर्गात उभ्या राहायच्या, पदर पिळायच्या आणि आधी हजेरी घ्यायच्या. मी त्यांना वेडी म्हणत असे, तोंडावर. त्यांना ते चालायचं.

आता ते वर्ष. दिवाळी होऊन गेली होती. गावात मंत्री येणार होते, नदीवरच्या बंधाऱ्याची कोनशिला बसवायला. गुरुवार ठरला. स्वागत समितीचे जे अध्यक्ष, तेच आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, आणि बाजारपेठेत कांद्याची मोठी आडत आणि गोदामही त्यांचंच. माणूस गोड बोलणारा. मला त्या गोडव्याचा पहिल्यापासून तिटकारा. त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता. दौऱ्यात मोठी सभा एकच बसत होती, आणि ती दौंडला घ्या म्हणून तिकडची मंडळी नेट लावून बसली होती. शनिवारी सकाळी कचेरीतले साहेब शिरूरची तयारी बघायला येणार होते.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, बाईंनी फळा भरला. पाच चौकोन मोकळे, आणि गुरुवारी एक घोंगडी, पुढच्या शुक्रवारी एक. मद्रासच्या बाजूला वादळ उठलं होतं, पारा हळूहळू उतरत होता. मी म्हटलं, "बाई, गुरुवारी मंत्री आहेत." बाई म्हणाल्या, "असतील. ढगाला पत्रिका गेली न्हाई."

मला त्यात काळजीचं दुसरं काही दिसलं नाही. बाईंना मात्र आबांची काळजी होती. मागच्या बाजाराला आबा सांगून गेले होते, "म्होरल्या आयतवारी कातरनी धरलीया बाई. भावकी येनार हाय हातबोट लावाया. तुमचा फळा बगतो, घोंगडी नसली तर कातरतो." लोकर कातरल्यावर मेंढराला आठ-दहा दिवस तरी ऊन लागतं. उघड्या अंगावर थंडीतला पाऊस बसला तर ते गारठून खाली बसतं, आणि खाली बसलेलं मेंढरू पुन्हा उठत नाही. हे बाईंना आबांनीच सांगितलेलं. म्हणून त्या शुक्रवारी बाईंनी दोन्ही घोंगड्या एरवीपेक्षा मोठ्या काढल्या आणि खडू दाबून दाबून भरल्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी आतल्या दालनात मुलींकडून स्वागतगीत बसवून घेत होतो. अध्यक्षांचा हुकूम होता. बाहेर बाजार भरला होता. दुपारी शाळा सुटून फाटकात आलो तर फळ्यावर सातच्या सात चौकोन मोकळे. कुणी रेघ मारली नव्हती, काही लिहिलं नव्हतं. ओल्या फडक्यानं नीट पुसला होता, आणि शाळेचा शिपाई खाली मान घालून उभा होता.

"अध्यक्षसायबांनी सांगितलं बाई. सायेब यायचंत, त्यांनी पावसाचं चितार बघितलं तर सभा दौंडला जाईल म्हनले."

बाईंनी पुसलेल्या फळ्याकडे एकदा पाहिलं. विचारलं ते एवढंच, "आबा येऊन गेले?"

"सकाळीच. फळा बगितला आन् गेलं. लई खुशीत हुतं."

ह्या गावात मोकळा चौकोन म्हणजे कोरडा दिवस, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. अध्यक्षांना ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. त्यांच्याच गोदामावरच्या हमालांना ते फळा बघून कांदा उघड्यावर ठेवायला सांगत. फळा पुसला म्हणजे फक्त घोंगडी पुसली नाही. सातही दिवस कोरडे आहेत असं त्यांनी चार गावांना सांगितलं, आणि तेही बाईंच्या तोंडून.

बाईंनी स्टूल आणलं आणि घोंगड्या पुन्हा काढल्या. पण बाजार मोडत आला होता, बैलगाड्या निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी उठले तेव्हा बाई पातळ नेसून तयार. मला वाटलं प्रार्थनेला चालल्या. म्हणाल्या, "चल, न्हावऱ्याची एस्टी धरायची." बाईंनी रविवारची प्रार्थना चुकवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गाडी उशिरा आली. न्हावऱ्याला उतरून विचारत विचारत आम्ही रानात आबांचा वाडा गाठला. धनगर मेंढरं बसवतात त्या मुक्कामाला वाडा म्हणतात.

कातरणी जवळजवळ उरकली होती. दहा-बारा माणसं कात्र्या घेऊन बसलेली, लोकरीचे ढीग, पोरांचा आरडाओरडा, चुलीवर मटणाचा रस्सा. कातरलेली मेंढरं उन्हात एका बाजूला उभी होती, उघडी, आकारानं निम्मी झालेली. आबा हसत पुढं आले. "या या बाई! तुमच्या फळ्यानं काम सोपं केलं बगा!"

बाईंनी सांगितलं. जसं होतं तसं, एका दमात.

आबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ. मग ते म्हणाले, "घोंगडी नव्हती बाई."

"होती. पुसली."

"मी डोळ्यांनी बगितलं. मोकळं हुतं समदं."

"व्हय आबा. पुसलं होतं."

"मग आता काय करू? लोकर परत चिकटवू?" आबा ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. कात्र्या थांबल्या. बाईंनी खाली मान घातली नाही. म्हणाल्या, "राहिलेली कातरू नका. बाकीच्यांचं मी बघते."

वर आभाळ निळंशार होतं. पूर्वेला फक्त अगदी उंचावर थोडी पिंजण होती. मला ती दिसली, आणि बाईंना दिसली आहे हेही मला दिसलं.

सोमवारी बाई अध्यक्षांच्या आडतीवर गेल्या. मी बरोबर होते. अध्यक्ष गादीवर बसले होते, समोर हार-तुऱ्यांचा हिशेब. बाईंनी गोदाम मागितलं. दोन दिवसांसाठी, आबांच्या मेंढरांना. "पुसायचं काम तुम्ही केलं. आता छप्पर द्या."

अध्यक्ष हसले. "बाई, अहो मंत्री येनार, आन् तुम्ही माझ्या गोदामात मेंढरं घालता? वास मारंल सगळीकडं. आन् पाऊस येनारच कशावरनं? मागल्या म्हयन्यात तुमचं कितींदा चुकलं? मी न्हाई म्हणत, तुम्हीच लाल खडूनं लिवून ठेवलंय."

मी म्हटलं, "मग पुसलात कशाला? चुकणारच होतं तर भ्यालात कशाला?"

"तुम्ही लहान आहात," अध्यक्ष मला म्हणाले. पन्नाशीच्या बाईंशी आणि पंचविशीच्या माझ्याशी त्यांचा आवाज सारखाच गोड होता. बाई तिथं उभ्याच राहिल्या. मुनीमानं चहा विचारला. बाई म्हणाल्या, "गोदाम." त्यांनी तो शब्द चार वेळा म्हटला आणि मग आम्ही निघालो. शाळेची दालनंही मिळाली नाहीत, तिथं मंडपाचं सामान होतं. फळ्याचं तर असं झालं की बाई सकाळी घोंगडी काढायच्या आणि शिपाई दुपारी पुसायचा, रोज. बुधवारी त्यानं शेवटचा पुसला आणि वर पताका लावल्या. बिचारा रडकुंडीला आला होता. त्याच्यावर माझा राग नाही.

गुरुवारी सकाळी आभाळात गोधडी पसरली. दुपारी वारा सुटला आणि पाऊस आला, गार, तिरका, न थांबणारा. मंत्र्यांची मोटार पुण्याहून निघालीच नाही. मंडपाचं कापड पाणी पिऊन खाली लोंबलं, आणि त्या भल्या मोठ्या मंडपात खुर्च्यांशिवाय कुणी नव्हतं. स्वागतगीताच्या मुलींना आम्ही घरोघर पोचवलं. बाईंनी छत्री उघडली नाही. मी रागावले, "अहो, तुम्ही तर पाऊस सांगितला होता!" त्या म्हणाल्या, "फळ्यावर कुठाय?"

शुक्रवारी दुपारी उघडीप झाली तेव्हा न्हावऱ्याहून आलेल्या एस्टीच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. आबांची कातरलेली मेंढरं बहुतेक सगळी गेली. पोत्यांनी झाकली, चुली पेटवल्या, कोकरं तर बायकांनी पदराखाली घेतली, तरी गेली. ज्यांची लोकर रविवारी अंगावर राहिली होती तेवढी उभी होती.

शुक्रवारच होता तो. फळा तपासायचा दिवस. बाई स्टूल घेऊन बाहेर आल्या. लोक जमलेच होते, आज बाई बरोबर ठरल्या हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्या काय लिहितात ते बघायचं होतं. बाईंनी लाल खडू काढला. गुरुवारच्या मोकळ्या चौकोनाखाली लिहिलं, 'चूक'. शुक्रवारच्या मोकळ्या चौकोनाखाली लिहिलं, 'चूक'.

मी भर रस्त्यात ओरडले. "अहो बाई, काय करताय? तुमचं बरोबर होतं! त्यांनी पुसलं!"

"पुसलं," बाई म्हणाल्या. "मग फळ्यावर आता काय हाय? मोकळं. आबांनी काय बघितलं? मोकळं. आन् पाऊस पडला. मग हे चूक न्हाई तर काय? मी फळ्यावरच्याला गुण देते, माझ्या मनातल्याला न्हाई."

"लोक म्हणतील तुम्ही चुकलात."

"माझी चूक असं कुठं लिहिलंय मी? चूक एवढंच लिहिलंय. ज्याची असंल त्यानं उचलावी."

बाई, बाई! कोण उचलणार होतं ती? ज्या गावात चूक कबूल करणारं एकच माणूस होतं, तिथं लाल अक्षरातली चूक कुणाच्या नावावर जाणार, हे तुम्हाला कळू नये? ढग सहा दिवस आधी कळत होता तुम्हाला, आणि समोरचा माणूस कळत नव्हता. अध्यक्षांवरचा माझा राग सरळ आहे, तो मला जड होत नाही. तुमच्यावरचा राग मात्र अजून मला झोपू देत नाही.

आबांच्या मेंढरांचा बोभाटा व्हायचा तो झालाच. चार गावचे धनगर विचारायला आले. अध्यक्षांनी समितीची सभा बोलावली आणि हळहळत सांगितलं, बाईंच्या फळ्यामुळे गरिबाचं नुकसान झालं, आणि हे आम्ही म्हणत नाही, बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, चला, दाखवतो. मी उठून सगळं सांगितलं, पुसल्यापासून गोदामापर्यंत. सभेतल्या सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. एकानं मला बसायला सांगितलं. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, त्याला आठवत नाही. बाईंना विचारलं, "हे अक्षर तुमचं?" बाई म्हणाल्या, "माझं." त्यांना नोकरीतून कमी केलं. फळा पुसून कोरा ठेवायचं ठरलं.

बाईंनी केडगावला जायचं ठरवलं. पाऱ्याची नळी गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवली. निघाल्या तो दिवस शनिवारचा, बाजार भरलेला, ऊन कडक. पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन आम्ही स्टँडकडे चाललो होतो तर शाळेच्या फाटकाशी गर्दी. मध्ये आबा उभे होते. मेंढरं गेल्यापासून ते गावात पहिल्यांदाच येत होते. बाई थबकल्या. मला वाटलं, आता हे चार लोकांत बोलणार, आणि बोलले तरी त्यांना कोण नावं ठेवणार?

आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली. काळी, जाड, कडेला लाल दोरा असलेली. त्यांनी ती झटकली आणि कोऱ्या फळ्यावर पांघरली, दोन्ही टोकं भिंतीतल्या खिळ्यांना अडकवून. रस्त्यापलीकडे आडतीच्या दारात अध्यक्ष उभे होते. त्यांच्याकडे तोंड करून आबा म्हणाले, "पुसा आता ही."

आडतीवरचे हमाल अध्यक्षांकडे बघायला लागले. शिपाई तर फाटकाच्या आत निघून गेला.

बाई मात्र पुढं झाल्या. "आबा, ही काढा. आज कोरडं हाय. उद्याबी कोरडं हाय. घोंगडी चुकीची हाय."

"ऱ्हाऊ द्या की बाई," आबा म्हणाले. त्यांनी घोंगडीवर हात ठेवला. "येवढी येक चुकीची ऱ्हाऊ द्या."

बाईंनी सवयीनं पिशवीत हात घालून लाल खडू काढला होता. तो हातात धरून त्या घोंगडीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी त्या घोंगडीखाली काही लिहिलं नाही. वळल्या, रस्ता ओलांडून आडतीच्या पायऱ्या चढल्या, आणि खडू अध्यक्षांच्या गादीवर ठेवला.

"हा ठेवा," त्या म्हणाल्या. "मला आता फळा न्हाई. तुम्हाला लागंल."

अध्यक्षांनी मुनीमाला चहा सांगितला, तोवर बाई पायऱ्या उतरल्या होत्या. स्टँडवर एस्टी उभीच होती. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि आभाळाकडे बघायला लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मला नोकरी हवी होती, मी शिरूरलाच राहिले. त्या आडतीवरून पुढं कैक वर्षं माझा जायचा-यायचा रस्ता होता. तो खडू गादीशेजारच्या काचेच्या कपाटात पडलेला मला दिसायचा. शेवटपर्यंत तो होता तेवढाच होता, कणभरसुद्धा झिजला नव्हता.